तात्यांची दुर्बीण आणि पट्टीवरची हळद

तात्या गेल्याचा निरोप मोशीच्या दूधवाल्याने कारखान्याच्या फाटकावर आणला. शिफ्ट सुटत होती. मला आधी आठवला तो रायफलच्या दस्त्यावर टेकलेला त्यांचा गाल आणि मिशीतलं हसू... वाईट वाटलंच, पण खरं सांगतो, छातीही फुगली. असा माणूस माझा दोस्त होता.

मी कोकणातून पिंपरीला नोकरीसाठी आलेला, तात्या मोशीचे पिढीजात शेतकरी. गाठ पडली चिंचवडच्या रायफल क्लबात. नेमबाजीत तात्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण पुढे डोळे दगा द्यायला लागले. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची बारीक खूण, दिसेना. क्लबाचे कॅप्टन म्हणाले, आता तरुणांना जागा द्या. तात्यांच्या ते जिव्हारी लागलं. सामन्यात दुर्बीण चालत होती, म्हणून क्लबाच्या रायफलवर ती बसवण्याची परवानगी त्यांनी भांडून मिळवली.

दुर्बीण बसवणं म्हणजे भिंतीत खिळा ठोकणं नव्हे. रायफलच्या पाठीवर एक लोखंडी पट्टी असते, तिच्या दोन्ही कडांना खाच. दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्यांचे पाय त्या खाचेत बसतात आणि बाजूचे स्क्रू ते आवळून धरतात. तात्या स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे पिळत. "एकच बाजू ताणली की जू तिरपं व्हतंय," म्हणत.

त्या वर्षी खंडेनवमीला क्लबात शस्त्रपूजा झाली. दुर्बीण काढून पेटीत ठेवलेली. पूजेचा मान तात्यांच्या पत्नीचा, सरूवहिनींचा. त्यांना ती पट्टी म्हणजे रायफलचं कपाळच वाटली आणि त्यांनी कालवलेली हळद सढळ हाताने लावली. तात्यांनी नंतर वरवर फडकं मारून दुर्बीण चढवली.

त्याच आठवड्यात पुण्याच्या क्लबाशी सामना. सरावाच्या गोळ्या वाट्टेल तिकडे जाऊ लागल्या. कॅप्टन म्हणाले, "तात्या, आता पुरे. डोळे थकले तुमचे."

"निशाणावरची टिकली मला झ्याक दिसतीय," तात्या म्हणाले. "हालतीय ती दुर्बीण, राव."

त्यांनी तिथेच दुर्बीण उतरवली आणि खाचेत नख फिरवलं. नखात पिवळं निघालं. वाळलेली हळद दर गोळीच्या धक्क्याने भुगा होत होती आणि कड्यांची पकड सुटत होती. बघ्यांत वहिनी उभ्या होत्या. तात्यांनी त्यांना नख दाखवलं. "सरू, तुजा टिळा लई खोल गेला गं." वहिनीही हसल्या. उपरण्याने खाच पुसून तात्यांनी दुर्बीण पुन्हा बसवली, नेम जुळवून घेतला, आणि मग गोळीमागून गोळी काळ्या टिकलीत. सामन्याची ढाल आमची झाली. ती तात्यांच्या हाती देताना कॅप्टनांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हापासून हळद फक्त लाकडी दस्त्याला. आणि वहिनींनी खाचेत नख फिरवून बघितल्याशिवाय तात्या स्क्रूला हात लावत नसत.

परवाची खंडेनवमी तात्यांशिवाय झाली. वहिनी क्लबाच्या दाराशीच थांबल्या. मी ताट पुढे केलं.

"माजा हात न्हाई लागत आता," त्या म्हणाल्या.

"मग खाच कोण बघणार, वहिनी?"

त्यांनी रायफलकडे पाहिलं, मग त्या आत आल्या. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नख फिरवलं, उजेडात धरून पाहिलं. "कोरी हाय," म्हणाल्या. आणि ताटातली हळद बोटावर घेऊन तात्यांचा गाल टेकायचा, नेमकी तिथे लावली.