आधी काढलेला वाटा

कागदात गुंडाळलेला पाव दिसला की ती जुलैची दुपार अजूनही माझ्यासमोर उभी राहते. मी तेव्हा बव्हेरियात, चेक सीमेजवळच्या चौकीत अधिकारी होतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सीमेवर अजून गाड्या तपासल्या जात. वडील इंजिनिअर म्हणून जर्मनीत आले, मी इथेच वाढलो आणि पोलिसात गेलो. मराठी आईने पक्कं करून घेतलं, हिंदी सिनेमांनी. त्यामुळे आपल्याकडचा कोणी सापडला की बोलावणं मलाच.

खबर पेट्रोल पंपावरच्या बाईंनी दिली. एक माणूस नळाखाली डोकं धरून उभा आहे, सामान काही नाही, सारखा रस्त्याकडे बघतोय. पंचविशीतला पंजाबी तरुण निघाला. मला पाहताच हिंदीत म्हणाला, "असाइल, साब. विमानाने म्युनिकला आलो. पासपोर्ट फेकला."

हे पढवलेलं होतं, 'असाइल' म्हणजे आश्रय हा जर्मन शब्दसुद्धा. सुरक्षित शेजारी देशातून जमिनीवरून बेकायदा आलेल्याला आश्रय मागता येत नाही, त्याला परत सीमेपार पाठवायचं, असा कायदा. विमानाने आलेल्याचं म्हणणं निदान ऐकून तरी घेत. दलालांना हे आमच्याइतकंच तोंडपाठ.

"विमानात खायला काय दिलं?"

"भात."

"विमान कुठून सुटलं?"

"असाइल, साब," तो पुन्हा म्हणाला. असा तासभर गेला. ठसे घेतले, खिशातल्या वस्तूंची यादी केली आणि नियमाप्रमाणे जेवण मागवलं. पाव, चीज, काकडी.

उपाशी माणूस आधी तुटून पडतो आणि पोट भरलं की उरलेलं खिशात घालतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. ह्याने एक घासही न घेता पावाचे दोन भाग केले. मोठा भाग चीजसकट कागदात गुंडाळला आणि मग उरलेला खाल्ला. वडील उशिरा येणार असले की आई त्यांचा वाटा असाच आधी काढून ठेवायची.

"कोणाचा वाटा हा?"

त्याने पुडी शर्टाच्या आत सरकवली.

सहकाऱ्याने मला बाजूला घेतलं. "हे बघ, सांग त्याला, खरं बोललास तर इथे ठेवून घेऊ." मी नाही म्हटलं. फसवून जबाब घ्यायचा नाही हा नियम होता, आणि माझा हट्टही.

"ऐक," मी त्याला म्हणालो, "जमिनीवरून आलो म्हणालास तर तुला परत पाठवतील. मी ते थांबवू शकत नाही. पण बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि हा वाटा ज्याचा आहे तो कुठे आहे, हे फक्त तुला माहीत आहे."

तो ढसाढसा रडला. "भाभी है, साब. ट्रक में. बंद है."

भाऊ जर्मनीत, वहिनीला त्याच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी ह्याची. ड्रायव्हरने पाणी द्यायला दार उघडलं तेव्हा हा खाली उतरला. तेवढ्यात पोलिसांची गाडी दिसली, आणि ड्रायव्हर दार लावून ट्रकसह पळाला. नंबर माहीत नव्हता. मागच्या दारावर पिवळा कोंबडा रंगवलेला होता, एवढंच आठवत होतं.

चाळीस मिनिटांत कोंबडा सापडला. हायवेलगतच्या पार्किंगमध्ये ट्रक भर उन्हात, आणि ड्रायव्हर झाडाखाली गाढ झोपलेला. आत चौघं होती. वहिनी बेशुद्ध, पण जिवंत. ड्रायव्हरच्या फोनवरून दलालही हाती लागला. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू?

त्याचा जबाब मीच टाइप केला. 'जमिनीवरून' हा शब्दही माझ्याच बोटांनी. तिसऱ्या दिवशी त्याला सीमेवर चेक पोलिसांच्या ताब्यात दिलं. जाताना त्याने कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली. "भाभी को दे देना."

मी हॉस्पिटलमध्ये गेलो. पाव वाळून कडक झाला होता. तो कुठे आहे, असं वहिनीने विचारलं. तिच्याशीही मी खोटं बोललो नाही. त्याला परत पाठवलं, बरं वाटल्यावर तुम्हालाही जावं लागेल, आणि हे सगळं ठाऊक असूनही त्यानेच तुमचा ठावठिकाणा सांगितला, असं सांगितलं. ती कोसळेल असं वाटलं होतं. ती ताठ बसली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "देवर है मेरा." मग तो पाव तिने शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

माणसाला बोलतं कसं करायचं, असं नवे अधिकारी विचारतात. पुढे काय होणार ते त्याला खरं सांगा आणि तो जेवताना त्याच्याकडे नीट बघा, असं मी सांगतो. त्या तपासाचं प्रशस्तिपत्र मी फ्रेम करून लावलंय, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ते तीन शब्द बोलताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, त्याच्यापुढे माझा फिकाच पडला.