रोग आहे असं धरून

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, रेकॉर्डची खोली होती आणि तिथे कोडवाल्या बाई बसत. घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटची फाइल खाली त्यांच्याकडे यायची. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण बाई ते वाचायच्या, रोग शोधायच्या आणि त्याला जगाच्या यादीतलं एक अक्षर नि आकडे लावून फाइल मोकळी करायच्या. जगाची यादी म्हणजे खरोखरच जगाची. इथल्या माणसाचा दमा आणि सातासमुद्रापलीकडच्या माणसाचा दमा एकाच कोडखाली मोजला जावा, म्हणून सगळ्या देशांनी मिळून केलेली. बाईंना तिचा भारी अभिमान. शेजारीण गुडघा दुखतो म्हणाली, की या विचारणार, "उजवा की डावा? मार लागून की आपोआप?" त्यावर उपाय काय, ते मात्र त्यांना ठाऊक नसे. नवरा म्हणायचा, आमच्या घरात साधं शिंकायची सोय नाही.

त्यांचा धाकटा दीर शहराच्या बसवर ड्रायव्हर. वरच्याच मजल्यावर राहायचा. गडी धट्टाकट्टा, बोलका, पॅसेंजरांशी गप्पा मारत गाडी हाकणारा. एकदा भर उन्हाळ्यात, उपाशीपोटी दुसऱ्याचीही पाळी करून, डेपोत बस लावून उतरला आणि चक्कर येऊन आडवा झाला. पडताना हातपाय झटकले, असं बघणाऱ्या कुणीतरी सांगितलं. झालं. हॉस्पिटलात ठेवून घेतलं, डॉक्टरीणबाईंनी लिहिलं 'फेपऱ्याची शंका', मेंदूचा आलेख काढला, आणि रिपोर्ट यायच्या आतच घरी सोडलं, कारण खाट हवी होती. फाइल खाली आली.

बाईंनी नाव बघितलं. घरच्या माणसाची फाइल दुसऱ्या कुणाला द्यावी असं मनात आलं, पण दुसरं होतं कोण? शेजारचं टेबल कधीचं रिकामं, त्याच्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे. आणि नियम तर स्पष्ट होता. पेशंट घरी जातानाही निदान शंकेचंच असेल आणि पुढची काही माहिती नसेल, तर रोग आहे असं धरून कोड द्यायचा. मोजणाऱ्यांना मधलं काही चालत नाही. बाईंनी जी चाळीस टाकला, म्हणजे फेपरं. घरचा म्हणून सूट द्यायची, तर बाहेरच्यांनी काय घोडं मारलंय, असा त्यांचा खाक्या.

रिपोर्ट नंतर आला, अगदी स्वच्छ. वॉर्डातून भाऊजींना फोनवर तसं कळवलंही. कागद मात्र वॉर्डातल्याच कुठल्याशा खणात राहिला आणि सगळे विसरून गेले.

पुढे भाऊजींचं लायसन नव्याने करायची वेळ आली. खिडकीवरच्या माणसाने पडद्याकडे बघितलं आणि निवांतपणे सांगितलं, "तुम्हाला फेपरं आहे. बस चालवता येणार नाही." बस-ट्रकवाल्यांची माहिती हॉस्पिटलातून परस्पर तिकडे जाते, हे भाऊजींना तिथे उभ्या उभ्या कळलं.

संध्याकाळी ते बाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, हे कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं." बाईंनी गॅस बारीक केला. "पण नियमाने लिहिलंय. कोड बरोबर आहे. निदान शंकेचं होतं, ते बदलून घ्यायला हवं. उद्या जाते मी."

तो उद्या काही उजाडेना. रेकॉर्डचे साहेब म्हणाले, "कोड बरोबर आहे ना? मग बदलायचा कशाला?" बाई म्हणाल्या, कोड बरोबर आहे, माणूस चुकीचा ठरतोय. साहेबांनी चष्मा पुसला आणि असा काही रकाना नसतो असं सांगितलं. वॉर्डात तो रिपोर्ट शोधायला बाईंनी सगळे खण उपसले, तेव्हा कुठे तो औषधांच्या जुन्या पावत्यांत सापडला. मग म्हणे नुसत्या रिपोर्टने भागत नाही, ज्या डॉक्टरांनी शंका लिहिली त्यांनीच ती काढली पाहिजे. त्या बदलून दुसऱ्या गावी गेलेल्या. फोनवर त्या बाईंवरच उखडल्या. "मी शंका लिहिली होती. तुम्ही त्याचा रोग कसा केलात?"

"आमचा नियम तसा आहे, डॉक्टर."

"मग तुमच्या नियमालाच विचारा." आणि फोन बंद. बाईंचा असा संताप झाला की त्या दिवशी डबा तसाच घरी परत आला. एकीने शंका लिहायची, दुसरीने रोग लिहायचा, दोघी आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये माणसाची भाकरी गेली. कुणाच्या नावाने बोटं मोडायची?

घरी वेगळंच. नवरा रोज तोंडसुख घ्यायचा. "तुझ्याच हातात आहे ना ते मशीन? दोन बटणं दाबायला काय होतं?"

खरं होतं. बाईंना तो कोड चहा निवायच्या आत पुसता आला असता. पण पुसून ठेवायचं काय तिथे? डॉक्टरांनी लिहिलं नाही ते आपण लिहायचं? "आज भाऊजींसाठी पुसला, की उद्या साहेबांच्या साल्यासाठी पुसायचा," त्या म्हणाल्या. "मग त्या यादीत खरं काय उरणार? कोड बरोबर आहे, मी हजारदा सांगितलंय. निदान बदललं की कोड आपोआप बदलेल." भाऊजी तिथेच बसून ऐकत होते. अशा भांडणांना ते नेहमीच हजर असत, दुसरं काम तरी काय होतं?

डेपोने त्यांना आधी बस धुवायला लावलं, मग चौकशीच्या खिडकीत बसवलं. पहिले काही दिवस ते हसण्यावारी नेत. "वहिनी, मी आता आंतरराष्ट्रीय पेशंट झालो बरं का." पुढे विनोद बंद झाले. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या अर्जामागून अर्ज लिहीत होत्या, रेकॉर्ड दुरुस्तीच्या समितीच्या बैठकीची वाट बघत होत्या. बैठकीला आज हा नाही, उद्या तो नाही. शेवटी त्या सुट्टी टाकून त्या डॉक्टरीणबाईंच्या गावी गेल्या, त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून बसल्या आणि सहीशिक्क्याचं पत्र घेऊनच उठल्या. 'शंका होती, तपासणीत रोग आढळला नाही.' यालासुद्धा जगाच्या यादीत वेगळा कोड आहे. बाईंनी तो स्वतःच्या हाताने टाकला आणि जी चाळीस रीतसर निघाला. इतकं समाधान त्यांना नोकरी लागली तेव्हाही झालं नसेल.

नवीन लायसन आलं, तेव्हा ते घेऊन त्या धापा टाकत वरच्या मजल्यावर गेल्या. जाऊबाई स्टुलावर चढून दिवा बदलत होत्या आणि भाऊजी खाली स्टूल धरून उभे होते. बाईंना नवल वाटलं. घरातली उंचावरची कामं भाऊजींची. "तुम्ही का नाही चढत?" त्यांनी विचारलं.

"तेच विचारा त्यांना," जाऊबाई वरून म्हणाल्या. "स्कूटरला हात लावत नाहीत. आंघोळीला गेले तरी कडी लावत नाहीत."

बाईंनी लायसन पुढे केलं. "घ्या. सोमवारपासून कामावर. सगळं निघालं."

भाऊजींनी ते घेतलं, उलटसुलट बघितलं आणि टेबलावर ठेवलं. "मी खिडकीतच बरा आहे, वहिनी. मागे चाळीस माणसं बसलेली असतात. गाडी चालवताना मला काही झालं तर?"

"अहो, तुम्हाला काहीच झालेलं नाही. रिपोर्ट स्वच्छ आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"डॉक्टर काय, आज एक लिहितात, उद्या एक." ते खाली बघत बोलले. "तुम्ही मात्र सगळ्यांना एकच सांगत आलात, कोड बरोबर आहे. साहेबांना सांगितलंत, दादाला सांगितलंत, माझ्यासमोर सांगितलंत. पुसायला तयार झाला नाहीत. खोटा असता तर तुम्ही तो पुसला असता."

बाईंनी टेबलावरचं लायसन उचलून पुन्हा त्यांच्यापुढे धरलं. मग इतके महिने कुणापुढे जे म्हणाल्या नव्हत्या, ते त्या म्हणाल्या. "तो कोड चुकीचाच होता, भाऊजी. माझी चूक झाली."

भाऊजी मायेने हसले. "राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलू नका."