मशिनीसाठी गाऱ्हाणं

खणात जुनं नेटवर्क कार्ड सापडलं. त्याचा खारट, गंजका वास आला आणि मी आचऱ्याच्या शाळेतल्या त्या दुपारात जाऊन बसलो. तिथला कॉम्प्युटर मीच बसवत होतो.

तिथल्या शिक्षिका रोझीबाईंना बोटीवर नोकरीला असलेल्या लेकाची मेल बघायची होती आणि कॉम्प्युटर इंटरनेटला जोडला जाईना. काळ्या पडद्यावर मी कार्डाचा आकडी पत्ता पुन्हा पुन्हा टाइप करत होतो. शेवटी शिपाई तात्यांनी मशिनीपुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, काय चुकला आसात तर सांभाळून घे, मशिनीक वाट दाखय रे म्हाराजा!"

मीही हात जोडले आणि पत्ता पुन्हा एकदा टाइप केला. मग पडद्यावर पलीकडून उत्तराच्या ओळी उमटू लागल्या. गळ्यातला क्रूस मुठीत धरून रोझीबाई प्रत्येक ओळीला, गाऱ्हाण्याला साथ देतात तशा, म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"

पत्त्यातला एक आकडा माझाच चुकला होता, हे मी लपवलं. आता वाटतं, हात जोडायला कीबोर्ड सोडला नसता, तर तो चुकलेला आकडा दिसलाच नसता.