मागच्या टायरातली हवा

ह्या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी दुपारी करमणूक म्हणून वाचते. विश्वास कधी ठेवला नाही, आजही ठेवत नाही. तरी हे लिहिते आहे...

गेल्या उन्हाळ्यात धाराशिवहून हैदराबादला निघाले होते. लेकीला तिथं सकाळीच दवाखान्यात ॲडमिट केलं होतं, संध्याकाळी सिझर. मागच्या सीटवर सासूबाई, डिकीत ज्वारीची दोन पोती – लेकीकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. आमचे हे होते तेव्हा हवा तपासल्याशिवाय गाडी हायवेला लावू द्यायचे नाहीत. ते जाऊन दोन वर्षं झाली, पण सवय मला लागली. त्या दिवशीही तेहतीस हवा भरून आणली, मग पोती चढवली.

अणदूर मागं पडलं आणि सासूबाई म्हणाल्या, “गाडी थांबव गं. संजू म्हणतोय, मागच्या चाकात हवा कमी हाय.”

संजू म्हणजे आमचे हेच!

“आई, सकाळीच भरलीय. ऊन लागलं का तुम्हाला? झोपा.”

“लई शानी हायस. त्यो थांब म्हणतोय, तर थांब की!”

मला लेकीपाशी पोचायचं होतं. पण ह्या दार उघडायला लागल्या, तेव्हा चरफडत पुढच्या पंपावर गाडी घेतली. मागचा डावा टायर चटका बसेल इतका तापलेला, खिळा रुतून निम्मी हवा गेलेली.

“ताई, थोडं पुढं गेला असता तर फुटला असता,” पंक्चर काढणारा म्हणाला. “किती भरू?”

“तेहतीस.”

“छत्तीस,” गाडीतून आवाज. “पोती हायती, म्हणतोय.”

मी दाराजवळचा हवेच्या आकड्यांचा इंग्रजी स्टिकर पहिल्यांदाच वाचला. भरलेल्या गाडीला मागं – छत्तीस.

चाक डळमळलेलं त्यांना जाणवलं असेल, हे मान्य. पण छत्तीस? इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही, आणि भरल्या गाडीला हवा जास्त लागते हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

लेकीला आत नेत होते तेवढ्यात पोचलो. तिनं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. नात झाली.

नंतर सासूबाईंना विचारलं, तर म्हणतात, “म्या कवा म्हणले? माजा तर डोळा लागला हुता.”

राग मात्र आहे, तो आमच्या ह्यांच्यावर. गाडी मी चालवत होते, शेजारची सीट रिकामी होती. सांगायचंच होतं, तर तिथं बसून मला सांगायचं ना...