खोली रिकामी नाही

ग्लेनिस टॅरंटला गप्प बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. उभी हयात तिनं शाळेची बस चालवली. मागच्या बाकावरचं कार्टं सँडविच फेकायच्या बेतात असलं की आरशातूनच असा दम भरायची की ते निमूट खाऊन टाकायचं. शनिवारी मैदानात तोच आवाज पंचांच्या वाट्याला यायचा. पेलिकन्स हा तिचा क्लब, हातानं चेंडू झेलायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा. तिच्या आईचा आणि आजोबांचाही तोच. नवरा लेस दुसऱ्या क्लबचा होता. लग्न टिकलं नाही, आणि त्याचं नात्यागोत्यात कुणालाच नवल वाटलं नाही.

लेस घर सोडून गेल्यावर मागची खोली तिनं क्लबला देऊ केली. दरवर्षी ड्राफ्टमध्ये देशभरातली अठरा वर्षांची पोरं क्लबांमध्ये वाटली जातात. वाटली जातात हाच शब्द बरोबर आहे, कारण तुला कुठं जायचंय असं त्या पोरांना कुणी विचारत नाही. नाव पुकारलं की बॅग भरायची. मग देशाच्या दुसऱ्या टोकाहून मेलबर्नला येऊन पडलेलं पोर क्लबच्या ओळखीतल्या एखाद्या घरी राहतं. ग्लेनिसकडे अशी पाच जणं राहून गेली होती. सध्या होता टेट मुनरो, पश्चिम किनाऱ्यावरच्या जेराल्टनचा, बाप तिथं बोटीवर. उंच, लाजाळू, गोलासमोर उभा राहून उंच चेंडू झेलणारा. तीन वर्षं झाली होती त्याला. त्यातलं निम्मं गुडघा बरा करण्यात गेलं होतं.

मोसम संपल्यावर क्लबनं टेटला बोलावून सांगितलं, "यादीत एक जागा मोकळी करायचीय, म्हणून तुझं नाव काढतोय. पण ते कागदावर. बुधवारी मोठी ड्राफ्ट होईल, शुक्रवारी उरलेल्यांची. त्यात तुला परत उचलतो. शब्द आहे आमचा." असं सगळेच क्लब करतात, त्यात नवं काही नाही. मधल्या काळात ॲडलेडच्या एका क्लबनं टेटला विचारलं होतं, येतोस का म्हणून. पोरगं प्रामाणिक. म्हणालं, माझं इथं ठरलंय. ग्लेनिसला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! पार खाटकापर्यंत सगळ्यांना सांगून आली.

बुधवारी संध्याकाळी ड्राफ्ट बघायला ती नेहमीप्रमाणे नाक्यावरच्या पबात गेली. टेट घरीच थांबला. आपलं नाव ज्यात नाही ते कशाला बघायचं, म्हणाला. नोव्हेंबर सरत आला होता, म्हणजे तिकडचा उन्हाळा तोंडावर, खिडक्यांतून लख्ख ऊन आत येत होतं, आणि टीव्हीसमोरच्या टेबलावर दोन आठवडे चाललेलं भांडण पुन्हा पेटलं होतं.

"बचाव कोण करणार, तुझी आत्या?" टॅक्सी चालवून निवृत्त झालेला स्टॅव बिअरचा ग्लास आपटत म्हणाला. "गेल्या मोसमात आपल्यावर गोलांचा पाऊस पडला. मागं उभं राहायला एक धड माणूस नाही, आणि हिला पुढचा हवाय!"

"पाऊस पडू दे की! आपण त्यांच्यापेक्षा जास्त मारू," ग्लेनिस म्हणाली. "दरवर्षी तेच. बुटकं, चपळ, केस वळवलेलं पोर घेतात. इकडं पळतं, तिकडं पळतं, गोलासमोर कुणीच नाही. तो टाउन्सव्हिलचा इझाया फोली घ्या म्हणावं. काय झेलतो तो! लोकांच्या खांद्यावर चढून झेलतो."

"मुलाखतीत तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या," केस कापण्याचं दुकान असलेली कोरली म्हणाली.

"त्याला काय तुझ्या दुकानात बसवायचाय गप्पा मारायला?"

टेबलावर हशा पिकला. स्टॅवनं तोंड पुसलं. "पण ग्लेन, एक सांग. तोही उंच, पुढं खेळणारा. तुझा टेटही उंच, पुढं खेळणारा. दोघांना कुठं उभं करणार?"

"शेजारी शेजारी! टेटला शब्द दिलाय त्यांनी."

"शब्द," स्टॅव म्हणाला, आणि ताटातल्या चिकन पार्माकडे वळला.

तेवढ्यात पडद्यावर पेलिकन्सची पाळी आली. इझाया फोलीचं नाव पुकारलं गेलं आणि ग्लेनिस खुर्चीवरून अशी उठली की कोरलीची वाइन सांडली. "सांगत नव्हते मी? सांगत नव्हते?" ती नाचायचीच बाकी होती. स्टॅवनं कपाळाला हात लावला. पडद्यावर टाउन्सव्हिलच्या कुठल्याशा हॉलमध्ये एक लांबलचक पोरगा आईच्या मिठीत तोंड लपवत होता.

आणि फोन वाजला. क्लबचा ब्रेंट ऑलसन. खेळाडूंच्या राहण्याजेवणाचं बघणारा, गोड बोलणारा माणूस.

"ग्लेन, बघितलंस ना? तुला हवा होता तोच! शनिवारी येतोय. खोली तोवर मोकळी होईल ना?"

"कुठली खोली?"

"मागची. टेटची."

"टेटला तर तुम्ही शुक्रवारी परत घेताय."

ब्रेंटनं आवाज खाली आणला. "ते... बेत बदलतात ग. आता इझाया आलाय. टेटला सांगू आम्ही, शुक्रवार उलटला की. मधेच आमचं काही फिसकटलं तर तो हाताशी असलेला बरा. तू तोवर काही बोलू नकोस."

ग्लेनिसच्या डोक्यात तिडीक गेली. हाताशी! दाराला अडकवलेली जुनी छत्री आहे का तो? शुक्रवार उलटला की सगळ्याच क्लबांची दारं बंद. आज कळलं तर पोरगं निदान ॲडलेडला फोन तरी करू शकेल. आणि ही माणसं त्याला तेवढंही द्यायला तयार नाहीत. गाजर दाखवून बसवून ठेवलाय, आणि वर हिनंही तोंड शिवून बसायचं!

"ब्रेंट, नीट ऐक," ती म्हणाली, आणि अख्ख्या पबानं ऐकलं. "माझी खोली रिकामी नाही. ती कधी रिकामी होईल सांगू? तू आत्ता गाडीत बसशील, माझ्या घरी येशील, त्या पोराच्या समोर बसशील आणि हे तुझ्या तोंडानं त्याला सांगशील, तेव्हा. आला नाहीस तर मी सांगेन. त्याला, आणि मग दिसेल त्या प्रत्येकाला."

तिनं फोन ठेवला. स्टॅव हळू आवाजात म्हणाला, "ग्लेन, धंदा आहे तो. असंच चालतं."

"चालतं म्हणून तर चालवतात! तुझ्या पोराला कुणी असं लोंबकळत ठेवलं असतं तर?"

"उंच पोरगा घ्या, उंच पोरगा घ्या, म्हणून आपणच ओरडत होतो ना," कोरली सांडलेली वाइन पुसत म्हणाली. तिच्या मनात टोमणा नव्हता. ग्लेनिस पर्स उचलून घरी निघाली, आणि त्या वाक्याचा राग तिला वाटभर पुरला.

ब्रेंट आला, हे त्याच्या बाजूनं एवढं एकच सांगण्यासारखं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि क्लबची दिशा, मोठं चित्र, कठीण निर्णय असं बराच वेळ बोलला. टेट ऐकून घेत होता. मान डोलवत होता, जणू समोरच्यालाच धीर द्यायचाय. शेवटी ग्लेनिस कडाडली, "अरे, सरळ सांग ना त्याला!"

"शुक्रवारी आम्ही तुझं नाव घेणार नाही," ब्रेंट म्हणाला.

"बरं," टेट म्हणाला. "सांगितल्याबद्दल थँक्स."

थँक्स! ग्लेनिसला वाटलं किटली उचलावी आणि ब्रेंटच्या डोक्यात घालावी. तिनं दार उघडून धरलं. ब्रेंट गेला तेव्हा चहाचा कप तसाच भरलेला होता.

"फोन कर ॲडलेडला," ती म्हणाली. "आत्ता."

टेट मागच्या पायरीवर जाऊन बोलला. ती सिंकपाशी उभी राहून, नळ बंद ठेवून, ऐकत होती. फार वेळ लागला नाही. हो सर, समजलं सर, नाही नाही, तुमचा काही दोष नाही सर. आत येऊन त्यानं सांगितलं की त्यांनी आठवड्यापूर्वीच दुसऱ्या कुणाला शब्द दिलाय, आणि ते शब्द मोडत नाहीत.

"केसानं गळा कापला रे तुझा," ग्लेनिस म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता. "मी त्यांना सांगते, तुमच्या त्या इझायाला घेऊन जा त्या ब्रेंटच्या घरी. माझ्या घरात क्लबचा एक माणूस यायला नको. सदस्यत्वाचं कार्ड कात्रीनं कापून धाडते त्यांना."

"त्यानं काय केलंय, ग्लेन?" टेट म्हणाला. "अठरा वर्षांचा आहे तो. आज त्याच्या घरी केक कापला असेल."

तो मागच्या खोलीत गेला आणि बूट पिशवीत भरायला लागला. ती दारात उभी राहिली. गादीवरची चादर काढून त्यानं घडी केली, उशीचा अभ्रा काढला, आणि कपाटाच्या वरच्या फळीकडे बघून म्हणाला, "एक कर. त्याला दुसरी रजई आल्या आल्याच दे. टाउन्सव्हिलचा आहे, उत्तरेच्या उकाड्यातला. जूनच्या थंडीत ही खोली फार गारठते."

"तुला गारठत होतं?"

"पहिल्या वर्षी. ट्रॅकसूट घालून झोपायचो. त्यावर टॉवेल."

"अख्खा हिवाळा?" ग्लेनिसचा आवाज चढला. "रजया वरच तर होत्या! मी पलीकडच्या खोलीत होते. मागायची नाही का रे?"

टेट थोडा ओशाळला. घडी केलेली चादर त्यानं तिच्या हातात दिली.

"मागणार होतो," तो म्हणाला. "पण कुरकुर क्लबच्या कानावर जाईल असं वाटलं. तू क्लबची होतीस ना, ग्लेन."