नानासाहेबांच्या विहिरीतली गाडी

शहागंजच्या मागच्या गल्लीत कडूबाचं गॅरेज आहे. पाटी नाही. दाराशी दोन-चार जुन्या यामाहा आरएक्स, एखादी सुझुकी, टाकी काढून ठेवलेली कावासाकी उभी दिसली की समजायचं, हेच ते. नव्या गाडीला तो हात लावत नाही. माझी आरएक्स कित्येक वर्षं त्याच्याकडेच असते. त्यामुळं ही हकीकत मला तुकड्यातुकड्यानं कळत गेली, थोडी त्याच्याकडून आणि थोडी त्याची बायको रत्नमाला हिच्याकडून.

कडूबा लासूर स्टेशनकडचा. घर मेंढपाळाचं. वडील आप्पा आयुष्यभर मेंढरांमागं फिरले. कडूबा मात्र मिसरूड फुटायच्या आत शहरात आला आणि चाँदभाई नावाच्या मिस्त्रीकडं कामाला लागला. बंद पडलेली गाडी चालू झाली की दुसरा मिस्त्री हात धुऊन चहाला जातो. कडूबाला ती का बंद पडली हे कळल्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही. चाँदभाई वैतागायचे. म्हणायचे, "तेरेकू गाडी बनाना है क्या तहकीकात करना है?"

२०१३ च्या उन्हाळ्यात त्याच्यापुढं खरोखरीची तहकीकात येऊन पडली.

त्या साली लासूरकडं प्यायला टँकरचं पाणी होतं. विहिरींचे तळ उघडे पडले होते. नानासाहेबांची विहीरही आटली. हे तिथले जुने शेतकरी. पाणी आटलंच आहे तर गाळ तरी काढून घ्यावा म्हणून त्यांनी विहिरीवर यारी बसवली. यारी म्हणजे गाळ न् दगड वर ओढायचं यंत्र. ती चालवायला कडूबाचा चुलतभाऊ पुंडलिक होता. गाळ उपसताना फावडं कशावर तरी वाजलं. माणसांनी हातानं गाळ बाजूला केला तर खाली चाक. दोर बांधून सगळा ऐवज वर ओढला आणि पुंडलिकनं फोन लावला.

"कडूबा, हिरीतून फटफटी निघालीय. लवकर ये."

कडूबा पोचला तेव्हा बांधावरच्या निंबाखाली चिखलाचा ढीग पडला होता, हँडल असलेला. त्यानं खाली बसून अंगठ्यानं चिखल घासला. इंजिनाच्या पट्ट्या दिसल्या. पलीकडून घासलं, तिकडंही पट्ट्या. दोन सिलिंडर.

राजदूत तीनशेपन्नास. नाव इथलं, पण घडण जपानी यामाहाची. एकेकाळी रस्त्यावर हिच्यापुढं दुसरी गाडी टिकत नसे. लासूरच्या पंचक्रोशीत अशी गाडी एकाच माणसाकडं होती, नानासाहेबांचा धाकटा भाऊ शिवशंकर याच्याकडं.

ती सत्याऐंशी साली चोरीला गेली होती. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शिवशंकर एसटीशी शर्यत लावताना पडला, पाय मोडला, घाटीच्या दवाखान्यात शहरात प्लॅस्टर घालून पडून राहिला. घरी आला तर गोठ्यातली गाडी गायब. त्यानं थेट मोठ्या भावावर आळ घेतला, की दादानं माझ्या माघारी गाडी विकली. नानासाहेब नाही नाही म्हणत राहिले. वाळूजला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. शिवशंकर तिकडं नोकरीला लागला, तिथंच घर केलं. आई द्वारकाबाई वारल्या तेव्हा आला, खांदा दिला आणि भावाशी एक शब्दही न बोलता निघून गेला.

आणि आता तीच गाडी नानासाहेबांच्याच विहिरीत निघाली होती.

नानासाहेबांनी कडूबाला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आजच्या आज टेम्पोत टाक अन् भंगारात दे. शिवाच्या कानावर गेलं तर तो म्हणंल, बघा, मी म्हणत नव्हतो?"

"नाना, तुम्ही टाकली व्हती का?" कडूबानं सरळ विचारलं.

"आईची शपथ, नाय."

"मग कुणी?"

"मला ठावं असतं तर इतकी वर्षं ऐकून घेतलं असतं का रं?"

कडूबा पुन्हा गाडीपाशी गेला. पुढचे दोन्ही दांडे हातानं चाचपले, चाकांच्या रिमा बोटानं तपासल्या. मग म्हणाला, "हीर किती खोल?"

"सात परस. चाळीसेक फूट भरंल."

"सात परसावरून एवढी जड गाडी खाली ढकलली असती तर पुढचे दांडे काडीसारखे मोडले असते. हे सरळ हायेत. टाकीलासुदिक मोठा पोचा नाय. नाना, ही पडलेली नाय. कुणीतरी उतरवलीय."

नानासाहेब विहिरीच्या कडेला जाऊन आत वाकले. पाण्यानं भरलेल्या विहिरीत गाडी अलगद कोण उतरवील, आणि कशाला? शेवटी ते म्हणाले, "पाणी कुठं व्हतं? सत्याऐंशीच्या दुष्काळात हीर अशीच कोरडी पडली व्हती. त्यानंतर आटली ती आत्ता." मग म्हणाले, "घेऊन जा. पण कळल्याबिगर कुणापाशी बोलू नको."

गाडी शहागंजला आली. कडूबानं ती पाण्याच्या बारीक धारेनं धुतली. धारेनं म्हणायचं एवढंच, खरं तर कपडे धुतलेलं पाणी बादलीत साठवून. शहरातही नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी यायचं. चिखल गेला तसा निळा रंग दिसू लागला. किल्ली बंद, पेट्रोलचा कॉक बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. म्हणजे काम घाईचं नव्हतं. चोर एवढं कशाला करील?

मग त्यानं सायलेन्सर काढायला घेतले, तर उजव्याच्या तोंडात काहीतरी ठासून भरलेलं. चिमट्यानं ओढल्यावर ऑइलनं काळा झालेला बोळा बाहेर आला. पिळून पाहिला. लोकर होती. बोळा सुटू नये म्हणून त्याला वळलेल्या सुताची गाठ मारलेली. डाव्या सायलेन्सरमध्येही तसाच बोळा असावा, पण तो कुजून आत सरकला होता.

रत्नमाला डबा घेऊन आली होती. तिनं बोळा हातात घेतला, गाठ उजेडात धरली. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"ही तर मामांची गाठ," ती म्हणाली. "वाघुरीला मारतात ती."

वाघूर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. आप्पांची ती उलटी गाठ कडूबाच्या ओळखीची होती. लहानपणी ती सोडवताना त्याची नखं दुखायची. त्यानं रत्नमालाच्या हातून बोळा घेतला आणि फळीवर ठेवून दिला. जेवला नाही.

ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं 'का' लागतं, त्यानं जन्मात पहिल्यांदा एक प्रश्न पुढं ढकलला. आप्पा दरसाल द्वारकाबाईंच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचे. त्या घरचं अन्न त्यांनी खाल्लं होतं. आप्पा चोर निघाले तर? कडूबा दुसऱ्या गाड्यांची कामं करत राहिला. कापडानं झाकलेल्या राजदूतकडं बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. रत्नमाला एक दिवस म्हणाली, "तुम्ही इचारलं नाय तर तुम्हीच आजारी पडाल."

मग तो गावाकडं गेला. आप्पा घरापुढच्या बाजेवर बसले होते. मेंढरं चाऱ्यासाठी लांब नदीकडं नेलेली होती. आई बानाबाईनं चहा दिला. कडूबानं खिशातून तो बोळा काढून बाजेवर ठेवला.

आप्पांनी तो उचलला, फिरवून पाहिला.

"टिकली की," ते म्हणाले.

"आप्पा, तुम्ही शिवशंकरची गाडी चोरली?"

"चोरली नाय. द्वारकाबाईनं सांगितलं, मी लपवली." आप्पांनी चहा संपवला. "पोरगं दोनदा पडलं. तिसऱ्या बारीला प्रेतच घरी येईल, असं बाईच्या मनानं घेतलं. मला म्हणली, आप्पा, कुणाला सापडणार नाय अशी टाकून दे. नाना बाजारला गेला व्हता. मोट बंद झालेली, पण चाक न् नाडा व्हता. भरल्या मोटंएवढंच तर वझं. बैल लावले अन् हळूहळू खाली सोडली. बाई कडंला उभी व्हती."

"फेकून द्या म्हणली व्हती ना? मग उतरवली कशाला?"

"फेकवली नाय. लई देखणी व्हती. वाटलं, पोराचा पाय बरा झाला, डोकं थंड झालं, की बाईच म्हणंल वर काढ. म्हणून नळकांड्यात माती जाऊ नये असं बुजवलं, वरून गाळ लोटला."

"मग काढली का नाय?"

"पोरगं घरी आलं ते भांडूनच गेलं. बाई म्हणली, आता सांगितलं तर तो माझंबी तोंड बघणार नाय. जरा थांबू. तेवढ्यात पाऊस लागला. हीर भरली." आप्पांनी बोळा पुन्हा बाजेवर ठेवला. मग म्हणाले, "दर उन्हाळ्याला मी हिरीत डोकवायचो. पाणी काय हटंना. बाईनं मला शपथ घातली व्हती. बाई गेली, मग सांगायचं तरी कुणाच्या जिवावर?"

बानाबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

कडूबानं परत जाताना नानासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. "म्हणजे आईला ठावं व्हतं," ते म्हणाले. "मी तिच्यापुढं किती डाव रडलो." त्या वर्षी त्यांनी आप्पांना वावरात मेंढरं बसवू दिली नाहीत. आप्पांनीही तोंड उघडलं नाही.

शिवशंकरला लगेच सांगावं असं कडूबाच्या मनात होतं. आप्पांनी अडवलं. "मेलेली गाडी घेऊन कसा जाशील? चालू कर, मग मीच सांगतो."

हे सोपं नव्हतं. कडूबानं दोन्ही प्लगांच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल आत सोडलं आणि रोज सकाळी गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हलवून बघू लागला. चाक हलेना. एके दिवशी दुसऱ्याच गाडीकडं लक्ष ठेवून त्यानं सवयीनं हात लावला, तर चाक कणभर सरकलं. त्यानं रत्नमालाला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "सरकलं."

इंजिन उघडल्यावर दिसलं ते असं. उजवा सिलिंडर आतून जवळजवळ शाबूत, लोकरीनं गाळ आणि पाणी बरंच अडवलेलं. डाव्यात गंज. डावा बोर करून, म्हणजे आतून तासून, घ्यावा लागला, पिस्टन मिळायला वर्ष गेलं, कार्बोरेटर तर तिकडं कोईमतूरच्या एका शौकिनानं पाठवले. क्रँक चिकलठाण्याच्या एका टर्नरनं दोनदा उघडून बसवला. मधल्या काळात शहर वाढत लासूरच्या रस्त्याला लागलं. कडूबा गावाकडं जायचा तर कालच्या शेतात आज प्लॉटचे दगड पुरलेले दिसायचे. पावसानं पुन्हा दोन वर्षं दगा दिला. २०१६ च्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर धावू लागले, आणि त्याच उन्हाळ्यात गाडी जुळून उभी राहिली.

पहिल्या किकला काही नाही. बऱ्याच किका मारल्यावर एक फटका, मग पांढरा धूर, आणि मग दोन सिलिंडरांचा तो आवाज. गल्लीतली माणसं दारात आली. कडूबा ती घेऊन दौलताबादच्या रस्त्याला लागला. पाचव्या गिअरपर्यंत सगळं ठीक होतं. सहावा टाकल्यावर गाडीनं जी ओढ घेतली, तिच्यासरशी त्याचा हात आपोआप ब्रेकवर गेला. द्वारकाबाईंना काय वाटलं असेल ते त्याला तिथं कळलं, असं तो मला म्हणाला. त्यानं गाडी बाजूला घेतली, जरा थांबला आणि सावकाश परत आला.

शिवशंकर निरोप मिळताच वाळूजहून आला. साठीला टेकलेला, केस पांढरे, मोडलेल्या पायानं किंचित लंगडणारा. आप्पा आधीच गॅरेजात स्टुलावर बसले होते. शिवशंकरनं गाडी पाहिली आणि दारातच उभा राहिला. मग जवळ येऊन सीटवर पालथा हात फिरवला.

"दादानं सांगितलं का, कुठं ठेवली व्हती ते?"

"नानाला यातलं काही ठावं नव्हतं," आप्पा म्हणाले. "तुमच्या आईनं सांगितलं, मी लपवली." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

शिवशंकर चिडला नाही. तो विचारत गेला. बैल कोणते होते? दोर कुठं बांधला होता? आई कुठं उभी होती? काही बोलली का?

"बोलली नाय," आप्पा म्हणाले. "गाडी तळाला टेकली तवा पदरानं तोंड दाबून घेतलं. मला म्हणली, पोराला कळलं तर मला मारून टाकील. मग म्हणली, मारू दे, जिता तर राहील."

शिवशंकरनं कडूबाकडं चावी मागितली.

तो शहराबाहेर जाऊन वळून येईल असं कडूबाला वाटलं होतं. दुपार झाली तरी पत्ता नाही. कडूबा आरएक्स काढून शोधायला निघाला आणि शोधत शोधत लासूरपर्यंत गेला. गाडी नानासाहेबांच्या बांधावर निंबाखाली उभी होती. दोघं भाऊ विहिरीच्या काठाशी बसले होते. पाठमोरे.

काय बोलणं झालं, हे कडूबानं नंतर नानासाहेबांना विचारलंच. न विचारता तो राहणार थोडाच?

"बोलणं असं नाय," नानासाहेब म्हणाले. "तो म्हणला, दादा, हिरीला कठडा बांधून घे. मी म्हणलो, बांधतो. मग त्यानं शेवटी शेवटी आईच्या गुडघ्याचं काय दुखणं व्हतं ते इचारलं."

दोघांत सगळं लगेच मिटलं नाही. जमिनीच्या वाटणीवरून कुरबुर अजून आहे. पण दिवाळीला शिवशंकर गावाकडं येऊ लागला आणि आप्पांची मेंढरं पुन्हा त्या वावरात बसू लागली. गाडीची कागदपत्रं शिवशंकरनं नव्यानं करून घेतली. सुट्टीच्या दिवशी तो ती काढतो, चौथ्या गिअरच्या वर जात नाही. सर्व्हिसिंगला शहागंजलाच आणतो. कडूबा प्लग काढून त्यांचा रंग बघतो आणि डाव्या सिलिंडरचा प्लग उजव्यापेक्षा काळा का येतो, यावर दोघं चहा गार होईपर्यंत बोलत बसतात.