विकीशेठच्या खिशातली किल्ली

माझ्या अमृताच्या बोटांची कातडी पिवळी पडली आहे. तो पिवळेपणा साबणाने जात नाही, हळदीसारखा उतरतही नाही. ती बोटं डोळ्यांसमोरून हलत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

बी.कॉम. झाल्यावर तिने बँकेच्या परीक्षा सोडल्या आणि पुण्यात वर्षभर चांदीकाम शिकली. "सोनारकीला बी.कॉम. कशाला लागतं?" तिचे बाबा टोमणा मारायचे. "हिशेबात शेठने फसवू नये म्हणून," ती म्हणायची. आता ती सिल्वासाजवळ मसाटला विकीशेठच्या कारखान्यात पैंजण घडवते.

आज तिचा डबा घरी राहिला, तो द्यायला गेले. शटर अर्धं खाली. आत तेजाबाच्या, म्हणजे अ‍ॅसिडच्या, भांड्यातून तपकिरी धूर येत होता आणि माझी लेक उघड्या हातांनी चिमट्याने त्यात पैंजण बुडवत खोकत होती.

"हे कशाला गं?"

"स्टर्लिंग चांदीत थोडं तांबं असतं, आई. जोड देताना तापलं की जांभळट डाग पडतो, तोही आतपर्यंत. घासून जात नाही, मग तेजाब. बोटं पिवळी त्यानेच."

"डाग पडूच नये असं काही नाही?"

"आहे ना. आधी बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून लेप द्यायचा. पण स्पिरिट शेठच्या कपाटात, कुलपात."

विकीशेठ गुटखा चघळत हसला. "ताई, बाहेर ठेवलं की पोरं पितात!"

"शेठ, सिल्वासात पावलापावलावर बार आहे," अमृता म्हणाली. "स्पिरिट कोण पिणार?"

सगळे कारागीर हसले. तोही हसला. किल्ली मात्र खिशातच राहिली. मग ज्या कुंडीत पैंजण धुतात तिथेच तो पचकन थुंकला, हाताने तोंड पुसलं आणि त्याच हाताने एक पैंजण पुसून मखमलीवर मांडलं. उद्या ते कुणा नवरीच्या पायात जाईल. मला किळस आली. त्याची आली, आणि तो "बसा ना ताई" म्हटल्यावर मी मुकाट्याने बसले, त्या माझ्या बसण्याचीही आली.

रात्री घरी जेवताना अमृता म्हणाली, "मध्ये पडू नकोस. ही ऑर्डर संपली की मीच बोलते." मागच्या ऑर्डरलाही हेच म्हणाली होती. भिंतीपलीकडून तिचा खोकला अजून ऐकू येतोय.

ती चिडेल, अबोला धरेल. कदाचित नोकरीही जाईल. जाऊ दे. सकाळी ती आंघोळीला गेली की विकीशेठला फोन लावणार: कपाट उघडेपर्यंत अमृता येणार नाही.